व्हिसाची रांग आणि संसदेचे मौन

अमेरिकेने १८ मार्च २००५ रोजी गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना राजनैतिक व्हिसा नाकारला आणि त्यांच्या पासपोर्टवर आधीपासून असलेला पर्यटन व व्यवसायाचा व्हिसाही रद्द केला. केंद्रात तेव्हा काँग्रेसप्रणीत आघाडीचे सरकार होते आणि मोदींशी त्या पक्षाचे राजकीय वैर टोकाला गेलेले होते. तरीही परराष्ट्र मंत्रालयाने अमेरिकी दूतावासाच्या उपप्रमुखांना बोलावून निषेध नोंदवला आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राज्यसभेत निवेदन करून नाराजी व्यक्त केली. २०१० मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका निवृत्त जवानाला कॅनडाने त्या दलाचा हिंसक म्हणून उल्लेख करीत व्हिसा नाकारला, तेव्हाही दिल्लीने आवाज उठवला आणि कॅनडाला खेद व्यक्त करावा लागला. प्रश्न राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा झाला की भारतीय राज्यसंस्था कशी खडबडून जागी होते, याची ही दोन उदाहरणे.

मोदींचा जो दुसरा व्हिसा रद्द झाला, तो मुळात साधाच होता. मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेले पुण्या-नागपूरचे आजी-आजोबा याच बी-वन/बी-टू व्हिसासाठी वकिलातीच्या खिडकीपाशी उभे राहतात. त्यांना तेथे नकार मिळतो तेव्हा मात्र कोणाला पाचारण केले जात नाही आणि कोणत्याही सभागृहात निवेदन होत नाही.

या नकाराचे आकारमान आता दुर्लक्ष करण्याजोगे राहिलेले नाही. २०२४ या एका वर्षात भारतातून युरोपच्या शेंगेन देशांकडे अल्पमुदतीच्या व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांपैकी सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. अर्जाचे शुल्क त्या वर्षीच्या जूनमध्ये ८० युरोवरून ९० युरो झाले. अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. साधा गुणाकार केला तरी शंभर कोटींहून अधिक रुपये केवळ नकाराची किंमत म्हणून एका वर्षात देशाबाहेर गेले. अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी केंद्राचे सेवाशुल्क, प्रवास विमा आणि रद्द झालेल्या सहलीची बुडालेली अनामत यांची मोजदाद त्यात नाही. अर्जकेंद्रांची ही खासगी व्यवस्था २००१ मध्ये मुंबईतच, अमेरिकी व्हिसांच्या कामासाठी सुरू झाली आणि तेथून जगभर पसरली, ही गमतीची गोष्ट म्हणावी की खेदाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अर्जदाराकडून काय मागितले जात नाही? बँकेचे खातेउतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे, मालकाचे रजेचे पत्र, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, मुक्कामाचे आरक्षण, बोटांचे ठसे. इतके सगळे देऊनही नकाराचे कारण म्हणून हाती पडतो तो एक छापील तक्ता, ज्यात एका चौकोनात खूण केलेली असते. ‘मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या इराद्याबद्दल खात्री पटली नाही’, हे त्यातले एक कारण. अमेरिकी कायद्याचे २१४(ब) हे कलम तर प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असे गृहीत धरते आणि ते खोटे ठरवण्याचा भार त्याच्यावरच टाकते. युरोपीय संहितेत अपिलाचा हक्क आहे, परंतु ते त्या त्या देशाच्या कायद्यानुसार करायचे. जर्मनीच्या वकिलातीकडे फेरविचाराचा विनाशुल्क अर्ज पूर्वी करता येत असे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ही सोय जगभर बंद केली. आता थेट तेथील न्यायालयात जायचे किंवा पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज करायचा. आठ दिवसांच्या सहलीसाठी जर्मन न्यायालयाची पायरी कोण चढणार?

आपल्या घटनेने या बाबतीत नागरिकाला जे द्यायचे ते कधीच देऊन ठेवले आहे. परदेशप्रवासाचा हक्क हा २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात १० एप्रिल १९६७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने दिला. (तो देणारे सरन्यायाधीश के. सुब्बा राव लगोलग पद सोडून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले.) त्याच वर्षी संसदेने पासपोर्ट कायदा केला आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालाने त्या हक्काला अधिक बळ दिले. परंतु हा हक्क देशाच्या वेशीपर्यंतच पोहोचतो. वेशीपलीकडे कोणाला घ्यायचे, हा त्या त्या राष्ट्राचा सार्वभौम अधिकार. आणि परराष्ट्र मंत्रालय याच वाक्यापाशी थांबत आले आहे. ते कायद्याने अचूक आहे. धोरण म्हणून मात्र ते अपुरे आहे, कारण सार्वभौम अधिकारावरही सौदा होतो आणि दिल्लीला तो करता येतो.

ब्रिटनने २०१३ मध्ये भारतासह सहा देशांतील निवडक प्रवाशांकडून तीन हजार पौंडांची अनामत घेण्याचे योजले होते. दिल्लीने विरोध केला, ब्रिटनमधील उद्योगांनाही ते रुचले नाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये योजना गुंडाळली गेली. कोविडनंतर ब्रिटिश पर्यटकांसाठी भारताने आपला ई-व्हिसा डिसेंबर २०२२ पर्यंत रोखून धरला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाशी वाद पेटताच तेथील व्हिसासेवाच थांबवली. २०२२ मध्ये अमेरिकी पर्यटन व्हिसाच्या मुलाखतीची प्रतीक्षा दोन वर्षांपलीकडे गेली, तेव्हा परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी वॉशिंग्टनमध्ये तो विषय काढला. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम सैल केले. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरणाऱ्याला दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा आणि त्यानंतर पाच वर्षांचा. रेटा लावला की दार हलते, एवढे यावरून दिसते. अर्थात या सवलतीचा लाभ ज्यांना आधीच व्हिसा मिळाला आहे त्यांनाच. पहिल्यांदा निघालेला शिक्षक किंवा छोटा दुकानदार जेथे होता तेथेच राहतो.

व्यापार करारांच्या वाटाघाटींत भारताचे अधिकारी संगणक अभियंते आणि अन्य व्यावसायिकांच्या ये-जा करण्यासाठी नेटाने भांडतात. त्यांच्यामागे संघटित उद्योग उभा असतो. पर्यटक अर्जदाराची संघटना नाही आणि मतदारसंघही नाही. ज्याचा अर्ज नाकारला जातो तो ही गोष्ट शेजाऱ्यालाही सांगत नाही. मग खासदाराकडे कशाला जाईल?

समोरच्या बाजूचे म्हणणे पोकळ मात्र नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाला निघालेले, ३०३ प्रवाशांचे विमान फ्रान्समधील व्हात्री विमानतळावर मानवी तस्करीच्या संशयावरून अडवले गेले. त्यांत बहुसंख्य भारतीय होते आणि २७६ जण मुंबईला परतले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. त्यांच्या हातापायांतील बेड्यांवरून संसदेत गदारोळ झाला आणि दुसऱ्या दिवशी जयशंकर यांना राज्यसभेत निवेदन करावे लागले. सर्बियाने १ जानेवारी २०२३ पासून भारतीयांची व्हिसामाफी बंद केली, ती युरोपच्या दडपणामुळे. इराणने नोव्हेंबर २०२५ मध्ये तेच केले, कारण नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीयांच्या अपहरणाचे प्रकार घडले होते. ‘डंकी’च्या वाटेवर पहिला टप्पा पुष्कळदा पर्यटनाच्या नावाखालीच गाठला जातो, आणि त्या दलालांच्या पापाचा दंड प्रामाणिक अर्जदार भरतो.

येथे दोष वकिलातींवर ढकलता येत नाही. १९८३ चा स्थलांतर कायदा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांपुरता आहे. नोंदणीचे बंधन आहे ते नोकरभरती करणाऱ्या दलालाला. ‘पर्यटक’ पाठवणारा त्यातून निसटतो. पंजाबने २०१२ मध्ये प्रवासी दलालांसाठी स्वतःचा कायदा केला, पण एका राज्याची वेस ओलांडणे दलालाला अवघड नसते. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी केंद्राने २०२५ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा पुढे आणला, त्याचाही भर परदेशातील रोजगारावरच आहे. मूळ भगदाड तसेच राहते.

शेजाऱ्यांच्या बाबतीत दिल्ली स्वतः कशी वागते, हेही विसरता येणार नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेली ई-व्हिसाची सोय आज दीडशेहून अधिक देशांना आहे, पण ऑगस्ट २०२४ मधील सत्तांतरानंतर बांगलादेशी पर्यटकांचे व्हिसा ठप्प झाले, तेव्हा ढाक्यातील अर्जदाराला तोच ‘सार्वभौम अधिकार’ ऐकावा लागला.

बेकायदा राहिलेल्या नागरिकांना परत घेण्यातले सहकार्य हे आज भारताच्या हातातले सर्वांत मोलाचे नाणे आहे. युरोपने २०१९ मध्ये आपल्या व्हिसा संहितेत सुधारणा करून व्हिसाच्या अटी या सहकार्याशी उघडपणे जोडल्या. असहकार करणाऱ्यावर निर्बंध आणि सहकार्य करणाऱ्याला सवलत, असा तो व्यवहार आहे. भारत आपली माणसे परत घेत असेल, तर त्या बदल्यात प्रामाणिक पर्यटकासाठी काय मागितले आणि काय मिळाले, हे विचारण्याची जागा संसदच आहे. परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समिती मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या दरवर्षी तपासते. देशवार किती भारतीयांचे अर्ज नाकारले गेले, कोणत्या कारणांनी आणि त्यावर कोणत्या राजधानीशी बोलणे झाले, याचा तक्ता पुढच्या तपासणीच्या वेळी तिला मागवता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.