तिसरा गुण

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. आकाशात फुटलेला बाण सगळ्यांना दिसतो. कागदाच्या नळ्या वळणारे हात कुणाच्या नजरेस पडत नाहीत. खेळांविषयी लिहिताना आपलेही असेच होते काय? याच जिल्ह्याने सारिका काळे यांच्यासारखी, २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळवणारी खेळाडू खो-खोला दिली. म्हणून या प्रश्नाचा विचार खो-खोपासूनच करावासा वाटतो.

२०२२ साली पुण्यात 'अल्टिमेट खो-खो' या व्यावसायिक स्पर्धेचा पहिला अंतिम सामना झाला. गडी बाद केल्यास दोन गुण, मात्र आकाशीय सूर मारून बाद केल्यास तीन, असा तेथील नियम. ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजवर ४६-४५ अशी मात केली, ती सूरज लांडे याने अखेरच्या क्षणांत मारलेल्या सुरामुळे. तोच गडी साध्या स्पर्शाने बाद झाला असता, तर ४५-४५ अशी बरोबरी झाली असती. विजेतेपद अक्षरशः त्या तिसऱ्या गुणाने ठरले.

मग तिसरा गुणच सामने जिंकून देतो, असे म्हणायचे का? बास्केटबॉलचा अनुभव सावध करणारा आहे. अमेरिकेतील एनबीएने १९७९ साली दुरून केलेल्या गोलाला तीन गुण देण्यास सुरुवात केली. हिशेब सोपा आहे: दुरून तीनांतला एक नेम लागला, तरी जवळून दोहोंतला एक लागल्याइतकेच फळ मिळते. परंतु हा हिशेब शेकडो नेमांचा. बाद फेरीची एक रात्र तो पाळतेच असे नाही. २०१८ साली निर्णायक सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सचे दुरून मारलेले सलग २७ नेम हुकले आणि हंगामात ६५ सामने जिंकलेला संघ बाहेर पडला. बोस्टन सेल्टिक्स २०२४ साली याच पद्धतीने विजेते झाले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्यांचे ६० पैकी ४५ नेम चुकले आणि तो सामना त्यांनी गमावला.

तात्पर्य, तिसरा गुण जिंकून देतो खरा. पण उरलेल्या गुणांनी संघाला तिथवर आणलेले असेल तरच. खो-खोत तर हे अधिकच खरे. एकदा दिशा घेतलेल्या आक्रमकाला मागे वळता येत नाही. योग्य क्षणी, योग्य पाटीवरच्या गड्याला खो मिळाला तरच सूर मारण्याजोगे अंतर उरते. सूर एकाचा दिसतो. तो घडवलेला असतो बसलेल्या गड्यांच्या साखळीने. ओडिशाचे आधीचे ४३ गुण कुणाला आठवतात?

साहित्याच्या वर्गातही आपण हेच करतो. कवितेतली एक लखलखीत ओळ फळ्यावर लिहितो आणि तिला जागा करून देणाऱ्या साध्या ओळी ओलांडून पुढे जातो. विद्यार्थी मग ओळीच पाठ करतात, कविता वाचत नाहीत. मैदानावरचा धोका याहून शारीरिक आहे. सूर मॅटवर शोभतो. मुरमाच्या मैदानावर तो कोपर आणि गुडघे सोलून काढतो. दूरचित्रवाणीवरचा सूर पाहून आलेल्या मुलाला आधी खो देणे शिकवणारा शिक्षक मला थोर वाटतो.

तिसऱ्या गुणाला माझा विरोध नाही. धाडसाचे मोल व्हायलाच हवे. समीक्षकाने मात्र बसलेल्या गड्यांकडे पाहायला शिकले पाहिजे.