निकाल लागला म्हणजे कब्जा गेला नव्हे

शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यात जमीनदार दावा जिंकला की कागद फडकावतो आणि ट्रॅक्टर घालतो. आपण म्हणतो, संपलं! तसं नाही. १९०८ च्या दिवाणी कायद्याप्रमाणे त्याला आधी कोर्टात दरखास्त द्यावी लागते. मग वॉरंट घेऊन बेलिफ कब्जा देतो. मालकाच्या गड्यांना झोपडी मोडायचा अधिकार नाही.

बेलिफ आला तर वॉरंटावरचं नाव नि गट नंबर वाचून घ्या. दाव्यात नाव नसलेला, स्वतःच्या हक्कानं कसणारा तिथंच हरकत घेऊ शकतो. ती कोर्टाला ऐकावीच लागते. नुसत्या अपिलानं कब्जा थांबत नाही; स्थगिती मागावी लागते. इथंच आपण फसतो.

म्हणून दर वस्तीवर कागद वाचणारं एक तरी पोर तयार करू या.