रोजकीर्द आणि खतावणी

रोजकीर्द लिहिणें हें एक काम आणि तिच्यावरून खतावणी करणें हें दुसरें. कीर्दींत दिवसाचे व्यवहार क्रमानें येतात. पण अमुक आसामीनें सकाळीं काय घेतलें व दुपारीं काय विकलें, हें खतावणीवांचून कळत नाहीं. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची कीर्द आतां संगणकांत असते, आणि नोंदी इतक्या अफाट कीं खतावणीही यंत्राकडूनच करवून घ्यावी लागते.

जेन स्ट्रीट या अमेरिकन कंपनीविरुद्ध सेबीनें ३ जुलै २०२५ रोजीं काढलेला अंतरिम हुकूम हा अशा खतावणीचा उत्तम नमुना आहे. तींत १७ जानेवारी २०२४ या दिवसाचे व्यवहार उलगडून दाखविले आहेत. बाजार त्या दिवशीं पडूनच उघडला. सेबीच्या हिशेबाप्रमाणें कंपनीनें सकाळीं बँकांचे शेअर व वायदे मिळून सुमारें ४,३७० कोटी रुपयांची खरेदी केली व बँक निफ्टी निर्देशांक सावरला. त्याच वेळीं, तो पडल्यास लाभ देणारे ऑप्शनचे सौदे तिनें त्याच्या कितीतरी पट केले. आणि पुढें घेतलेला माल विकून टाकला. शेअर-वायद्यांत सुमारें ६१ कोटी गेले, ऑप्शनांत सुमारें ७३५ कोटी आले. पहिलें खातें एकटें पाहणारा कंपनीची कींवच करील! दोन्ही शेजारीं मांडलीं म्हणजे हेतूविषयीं शंका येते. कंपनीनें आरोप नाकारला व अपील केलें. परंतु हुकुमाप्रमाणें ४,८४३ कोटी रुपये तिला अडकवून ठेवावे लागले.

आम्हांला नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. त्या दिवसाच्या नोंदी बाजाराच्या दप्तरीं होत्याच. चौकशीस तोंड फुटलें तें मात्र एप्रिल २०२४ मधील वृत्तपत्रांच्या बातम्यांवरून. दोघा जुन्या नोकरांनीं आपली सौद्यांची गुप्त पद्धत नेली, म्हणून कंपनीनेंच न्यूयॉर्कच्या न्यायालयांत दावा लावला होता, आणि तेथें हिंदुस्थानांतील ऑप्शनांची गोष्ट बाहेर पडली. कोणतीं दोन खातीं शेजारीं मांडावयाचीं हें यंत्राला आधीं कोणी सांगावें लागतें, तें असें.

घरांतील मुलगा मोबाईलवर हेच सौदे करीत असेल, तर त्याला सेबीची सप्टेंबर २०२४ मधील पाहणी अवश्य दाखवावी: २०२१-२२ पासून तीन वर्षांत शेंकडा ९३ व्यक्तींना या धंद्यांत तोटा झाला, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. जानेवारीच्या त्या सकाळीं निर्देशांक सावरलेला पाहून ज्यांनीं ऑप्शन घेतले, त्यांना समोर कोण होतें हें कळण्यास जवळजवळ दीड वर्ष लागलें.