सवय होईल!

आज टाचेबद्दल लिहिणार आहे. "टाचेवर कुणी लेख लिहितं का?" असं आमच्या घरात विचारून झालेलं आहे. पण २०२५ साली मला सगळ्यात जास्त जर कुणी शिकवलं असेल, तर ते माझ्या उजव्या पायाच्या टाचेने. तेव्हा गुरुदक्षिणा म्हणून तिच्यावर एक लेख व्हायलाच हवा.

पोहायला मी लहानपणी विहिरीत शिकले. पाठीला पत्र्याचा डबा, काठावर काका, आणि पोटात गोळा. नंतर नोकरी, संसार यात पाणी सुटलं ते सुटलंच. साठीनंतर गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहा. तेव्हापासून सकाळच्या बायकांच्या बॅचला टँकवर जाते. माझा वेग कासवाचा, पण कासवही शेवटी पोहतंच की.

त्या वर्षी मार्चमध्ये नातवाने त्याचे फिन्स मला दिले. फिन्स म्हणजे पोहताना पायात घालायचे ते रबरी पंजे, बदकाच्या पायासारखे. त्याला लहान झाले होते. मला अर्धा बोटभर मोठे होते, पण चांगली वस्तू कशाला वाया घालवायची, हा आमच्या पिढीचा रोग! घालून पाण्यात उतरले आणि काय सांगू, पहिल्याच फेरीत शेजारच्या जोशीबाईंना मागे टाकलं. सत्तरी ओलांडल्यावर कुणाला मागे टाकण्याचे प्रसंग फार येत नाहीत. मी हरखून गेले.

टाचेला जरा घासत होतं. तिथल्या शिकवणाऱ्या मुलाला विचारलं तर तो हसून म्हणाला, "सुरुवातीला सगळ्यांनाच लागतं आजी. सवय होईल." मुलगा चांगला आहे, मनापासून शिकवतो. मलाही ते पटलं. दोन दिवस चुरचुरलं, तिसऱ्या दिवशी कमी झालं, चौथ्या दिवशी काहीच वाटेना. मनात म्हटलं, बघ, झाली सवय.

त्या चौथ्या दिवशी पाण्यातून बाहेर आले तर फरशी पुसणाऱ्या मावशी ओरडल्या, "आजी, पाय बघा तुमचा!" मागे वळून पाहिलं. फरशीवर माझ्या उजव्या पावलामागून लाल ठिपके आलेले. टाचेच्या मागचं सालटं रुपयाएवढं निघालं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मला चौदा वर्षं मधुमेह आहे. पायाची संवेदना थोडी कमी झाली आहे असं डॉक्टरांनी पूर्वी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती आणि विसरले होते. म्हणजे चौथ्या दिवशी जे झालं ती सवय नव्हती. दुखणं सांगायला येणारा निरोप्याच वाटेत थांबला होता.

जखम भरायला सहा आठवडे लागले. मधुमेह असलेल्याच्या पायाची एवढीशी जखम चिघळली तर गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाऊ शकते, हे डॉक्टरांनी मला या वेळी सौम्य शब्दांत सांगितलं नाही. लेकीने तर निकालच दिला, "बास झालं आता पोहणं."

पलंगावर पाय उशीवर ठेवून पडले होते, तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. पंधरा ऑगस्टची कवायत होती. सगळ्यांना पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे. सहावीतली एक मुलगी लंगडत माझ्याकडे आली, म्हणाली, "बाई, बूट चावतोय." मी घाईत होते. "नवा आहे ना, सवय होईल" म्हणून तिला रांगेत पाठवलं. कवायत संपल्यावर तिचा मोजा टाचेला चिकटलेला होता, तो पाणी लावून सोडवावा लागला. ती रडली नाही. पुढे कधी बूट चावल्याची तक्रारही तिने माझ्याकडे केली नाही. तेव्हा मला वाटलं होतं, शहाणी मुलगी. आता वाटतं, मला सांगून उपयोग नाही हे तिला कळलं असावं.

तर आज मला जे म्हणायचं आहे ते या दोन शब्दांबद्दल आहे. "सवय होईल" हे आपण एवढ्या खात्रीने का म्हणतो? मला वाटतं, ते चामड्यामुळे. कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावतेच. तेल लावायचं, थोडी थोडी घालायची, आठ-पंधरा दिवसांत ती पायाचा आकार घेते. चामडं आपल्याला समजून घेतं म्हणा ना. पण फिन्स रबराचे. रबर ताणलं की ताणतं आणि सोडलं की पुन्हा आपल्या मूळ आकाराला येतं. ते पहिल्या दिवशी जिथे घासेल तिथेच शंभराव्या दिवशीही घासणार. झिजायचं कुणी, तर आपल्या कातडीने.

"पण कातडीला घट्टे पडतात की!" असं कुणी म्हणेल. पडतात, कोरड्यात. कुदळ धरणाऱ्याच्या हाताला पडतात ते खरंच संरक्षण असतं. पाण्यात मात्र अर्ध्या तासात कातडी भिजून मऊ पडते, घट्टाही पांढरा फटक होतो आणि कडेने सुटायला लागतो. ओली मऊ कातडी आणि ओलं रबर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत, धरून ओढतात. त्यातून फोड येतो, मग फुटतो.

मी जुन्या सवयीने हिशेब मांडला. आमचा टँक २५ मीटरचा. एका फेरीत माझा एकेक पाय साधारण ३० वेळा खालीवर होतो. दहा फेऱ्यांत ३०० वेळा. फिन सैल असल्यामुळे दर वेळी टाच अर्धा सेंटिमीटर वर आणि अर्धा खाली सरकत असेल, तर रोज तीन मीटर रबर टाचेच्या त्याच रुपयाएवढ्या जागेवरून फिरत होतं. चार दिवसांत बारा मीटर! कातडी टिकली असती तरच नवल.

फिन्सचा इतिहासही गमतीचा आहे. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात, लहान असताना, पोहण्यासाठी चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या लाकडी फळ्या हातात धरून पाहिल्या आणि पायांनाही एक प्रकारच्या चपला बांधल्या. पायातला प्रकार काही त्याच्या पसंतीस उतरला नाही. पुढे १९३३ साली फ्रान्सच्या नौदलातल्या लुई द कोर्लियू या माजी अधिकाऱ्याने फिन्सचं पेटंट घेतलं. आज रबराने पाऊल पंजात घट्ट धरता येतं. पण पाय प्रत्येकाचा वेगळा आणि साचा एक, हे भांडण अजून मिटलेलं नाही. कित्येक फिन्सवर '३८-३९' असे दोन नंबर एकत्र छापलेले असतात. ज्याचा पाय ३८ त्याला ते सैल होणारच.

मग करायचं काय? लेकीचं म्हणणं सोडून द्या, शिकवणाऱ्याचं म्हणणं सहन करा. मला दोन्ही पटत नाही. मी पोहणं सोडलं तर गुडघे आणि साखर दोन्ही बिघडणार. म्हणून डॉक्टरांना विचारून, जखम पूर्ण भरल्यावर, मी तिसरी वाट धरली. ती अशी.

पहिली गोष्ट माप. फिन विकत घेताना संध्याकाळी घ्यावेत, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. दोन्ही पाय घालून पाहावेत, कारण आपले दोन पाय सारखे नसतात. पाय उचलून हलवल्यावर टाच आतून सुटता कामा नये आणि बोटं मुडपता कामा नयेत. बोटांना मुंग्या आल्या तर घट्ट, टाच वरखाली झाली तर सैल. दिलेले, उरलेले, 'मोठे आहेत पण चालतील' असले घेऊ नयेत. नातवाचे फिन्स मी त्याच्या मित्राला देऊन टाकले आणि स्वतःच्या मापाचे, आखूड पात्याचे घेतले. लांब पात्याला पाणी जास्त रेटावं लागतं, त्याचा ताण पावलावर आणि घोट्यावर येतो.

दुसरी गोष्ट मोजे. निऑप्रीनचे पातळ मोजे मिळतात, पाणबुडे घालतात तसले. मग घासायचं ते रबर मोज्याला घासतं. फिन्स मोजे घालूनच मापून घ्यावेत, नाहीतर सैलचे घट्ट होतात. मोज्याची शिवण बोटांवर किंवा टाचेवर येत नाही ना, हेही हात घालून पाहावं. ज्यांना मोजे नकोत ते घासणाऱ्या जागी कोरड्या कातडीवर आधीच चिकटपट्टी लावतात. माझ्यासारखीच्या पातळ कातडीचं सालटं पट्टीबरोबरच निघून यायचं, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. पेट्रोलियम जेलीही काहीजण लावतात, पण नैसर्गिक रबर तिच्यामुळे खराब होतं.

तिसरी गोष्ट स्वच्छता. फिन्स आणि पाय दोन्ही ओले करून, वाळूचा कण नाही हे बघून मग घालावेत. समुद्रावर तर हे फारच महत्त्वाचं. एक कण सँडपेपरचं काम करतो. पोहून झाल्यावर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. उन्हात रबर कडक होतं आणि त्याच्या कडा बोचायला लागतात.

चौथी गोष्ट धीर. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग काढून पाय बघायचे. लाली दिसली की त्या दिवसापुरतं थांबायचं. पाय कमरेपासून हलवायचा. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखा हलवला की पाऊल फिनमध्ये जास्त सरकतं. फोड आलाच तर फोडायचा नाही, आणि सालटं निघालं असेल तर ते भरेपर्यंत टँकमध्ये उतरायचं नाही, आपल्यासाठीही आणि दुसऱ्यांसाठीही. मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. मी रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे आणि टाचा पाहते. लेक म्हणते, तोंड बघायच्या वयात एवढा आरसा पाहिला नसशील!

यातलं काहीही अवघड नाही. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी दहा मिनिटं काढली तर सगळं सांगून होतं. पाय कसे मारायचे हे शिकवतात, पण पाय सांभाळायचे कसे हे कुणी शिकवत नाही. ते ज्याचं त्याने रक्त आल्यावर शिकायचं, असाच रिवाज आहे. आमच्या शाळांतही तोच होता, आणि तो चालवणाऱ्यांत मी होते. थोडं सोसल्याशिवाय माणूस घडत नाही असं आम्हाला वाटायचं. दम लागणं, हातपाय भरून येणं हे सोसायलाच हवं, त्याने अंगात ताकद येते. पण बूट चावण्याने कुणाच्याही अंगात कधी काही आलेलं नाही. त्याने एवढंच कळतं की बूट चुकीचा आहे. आणि जो सांगायला येतो त्याला परत पाठवलं, की पुढच्या वेळी तो सांगायला येत नाही. माझी टाच आली नाही. ती मुलगीही आली नाही.

आता मी आठवड्यातून तीन दिवस पोहते, त्यातली दहा मिनिटं फिन्स घालून. जोशीबाईंना मागे टाकणं जमतं अधूनमधून.

मागच्या आठवड्यात आमची बॅच संपून मुलांची सुरू होत होती. आठ-नऊ वर्षांची एक चिमुरडी काठावर बसून फिन ओढत होती. म्हणाली, "लागतंय." तिचा बाबा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "होईल गं सवय."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. बसायला मला वेळ लागतो, उठायला त्याहून जास्त. म्हटलं, "काढ बघू. कुठे लागतंय, दाखव मला."

तिने लगेच काढून दाखवलं. करंगळीजवळ नुसती लाल रेघ होती. फिन एक नंबर लहान होता, एवढंच.