रस्ता कुणाचा?

आपल्या भागातील रस्ते रुंद व्हावेत, ही मागणी रास्तच आहे. आजाऱ्याला वेळेवर दवाखाना गाठायचा तर रस्ता चांगला हवा. पण रस्ता केवळ मोटारींचाच असतो काय? रोज सायकलने कॉलेजात येणारा मी हे विचारतो आहे.

नसरापूर ते वेल्हे हा सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता घ्या. भातखाचरे, गुंजवणी नदी, मार्गासनीजवळ राजगड, पुढे तोरणा. भोरकडे भाटघरचे पाणी, वेल्ह्याजवळ पाबे घाटाचा दम काढणारा चढ. एवढी विविधता सायकलवरूनच डोळे भरून पाहता येते. आडवारी रस्ता निवांत असतो. मात्र पावसाळी रविवारी गडांकडे निघालेल्या गाड्या सायकलस्वाराला चिखलात उतरवतात.

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर होते. मोटारी वाढल्या आणि सायकल कडेला ढकलली गेली. वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचे २०२४ साली ठरले. आता पर्यटक वाढतील, रस्तेही रुंदावतील. तेव्हा दोन्ही कडांना सायकलपुरती जागा आधीच राखावी, सावलीची झाडे वाचवावीत. शांत रस्ता म्हणजे मागासलेपण नव्हे. ज्या रस्त्यावरून शाळकरी पोर निर्धास्त सायकल चालवते, तोच खरा सुधारलेला रस्ता, असे माझे स्पष्ट मत आहे.