त्यांचं मन सोडा, आपलं तपासा

“थे बंगाली आपल्यात मिसळतच नाई.” वर्ध्याच्या टपरीवर आपलाच एक शिकलेला दोस्त बोलला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

दोस्तहो, हेच वाक्य गावानं आपल्या बापजाद्यांबद्दल म्हटलं होतं. आधी वेशीबाहेर ठेवायचं, मग म्हणायचं, मिसळत नाहीत!

कोण हे बंगाली? बल्लारशाची गाडी धरा, चंद्रपूरला उतरा, पुढं गडचिरोलीतल्या चामोर्शी-मुलचेऱ्यापर्यंत जा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९६० नंतर तिथं जंगलात वसवलं. त्यांत नामशूद्र अधिक. एकेकाळी जग त्यांना ‘चांडाल’ म्हणे. झगडून त्यांनी १९११ च्या जनगणनेत ते नाव पुसायला लावलं. १९४६ ला बाबासाहेबांना बंगालातून घटना समितीवर निवडून आणायला जोगेंद्रनाथ मंडल झटले. ते याच जातीचे.

सरकारनं जमीन दिली. जमीन मिळाली म्हणजे मन बसतं? दंडकारण्यात वसवलेले हजारो निर्वासित १९७८ ला उठून सुंदरबनातल्या मरीचझापीला गेले. १९७९ ला तिथूनही पोलिसांनी गोळ्या घालून हुसकले. त्याच १९७८ ला नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. पळालेला माणूस त्याच गावात परतला की रात्री कुत्रं भुंकलं तरी दचकतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मग त्यांचं दचकणं आपल्याला माज कसा वाटतो? ज्याला ऊठसूट ‘घुसखोर’ म्हणून कागद मागतात, तो आपल्या माणसांना चिकटूनच राहणार.

नामशूद्र पश्चिम बंगालात अनुसूचित जात. महाराष्ट्राच्या यादीत नाही. राज्य बदललं, जात कागदावरून गेली. लोकांच्या डोक्यातून गेली का? आपण १९५६ ला बौद्ध झालो तेव्हा केंद्रानं आपल्यालाही असंच यादीबाहेर ठेवलं, थेट १९९० पर्यंत. तेव्हा आपणच विचारत होतो, धर्म बदलला म्हणून गावानं पाणवठा उघडला का?

आता टपरीवरचं खरं बोला. “थे यादीत आले त आपला वाटा कमी होईन ना बे!” हे भय खरं आहे. मग वाटा वाढवून मागा, राखीव जागांचा अनुशेष भरायला लावा. पण दुसऱ्या भुकेल्याच्या ताटावर डोळा ठेवून स्वतःला आंबेडकरवादी म्हणवू नका.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीआधी दोनचार जण मुलचेऱ्याला जा. भाषण ठोकू नका. बसा, ऐका. मिसळायचं कोणी, ते तिथं कळंल.

जयभीम.