१५० म्हणजे १५० पौंड नव्हे

'चार इंच, दीडशेचा फ्लँज, नग २४.' एवढ्या एका ओळीवर पर्चेस ऑर्डरी अजून निघतात आणि त्यावर मालही येतो. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये आलेला माल तपासणं हे माझं काम. टेम्पोतून उतरलेले फ्लँज माझ्या टेबलावरून पुढे जातात, म्हणून या एका ओळीची मला धास्ती वाटते. धातू कोणता, प्रकार कोणता, तोंड कसं, कोणत्या स्टँडर्डचा, यातलं काहीच तिच्यात नाही. ते सगळं मग दुकानदार अंदाजाने ठरवतो.

ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी : फ्लँज म्हणजे पाइपाच्या टोकाला बसवलेली पोलादी चकती. दोन चकत्या समोरासमोर, मध्ये गास्केट, कडेने बोल्ट. डोंबिवली, तारापूर, लोटे, महाड, पाताळगंगा, कुठल्याही केमिकल प्लांटमध्ये असे जोड जागोजागी असतात. गळतीची भीती सरळ पाइपापेक्षा या जोडांनाच जास्त.

आता तो आकडा. जुने फिटर त्याला 'दीडशे पाउंड' म्हणतात आणि नवी मुलं ते ऐकून समजतात की हा फ्लँज चौरस इंचाला १५० पौंड दाब सोसतो. तसं नाही. अमेरिकन बी१६.५ स्टँडर्डमध्ये १५०, ३००, ४००, ६००, ९००, १५०० आणि २५०० असे वर्ग आहेत. कोणता वर्ग किती दाब सोसेल हे धातू आणि तापमान मिळून ठरवतात. ए१०५ या नेहमीच्या कार्बन स्टीलचा १५० वर्गाचा फ्लँज ३८ अंश सेल्सिअसपर्यंत १९.६ बार, म्हणजे सुमारे २८५ पौंड सोसतो. २०० अंशांना तो १३.८ बारवर येतो, ३०० ला १०.२ वर, ४०० ला ६.५ वर. पौंडांत दीडशेच्या आसपास तो येतो, तो ३०० अंशांच्या जवळ. स्टेनलेस घेतलं म्हणजे ताकद वाढली, असंही नाही. ३१६एल चा तोच वर्ग साध्या तापमानाला १५.९ बारचा, कार्बन स्टीलपेक्षा कमी.

थर्मिक फ्लुइडच्या लाईनचं उदाहरण घ्या. दाब जेमतेम काही बार, पण तेल अडीचशे अंशांच्या वर. तक्ता पाहिला तर १५० वर्ग पुरतो. तरीही चांगला डिझायनर तिथे ३०० वर्ग घालतो, कारण जाड फ्लँज कमी वाकतो आणि लाईन गरम-थंड होत राहिली तरी गास्केटवरची पकड टिकवतो. गरम तेल इन्सुलेशनमध्ये झिरपलं की बाहेरची ठिणगी नसतानाही आग लागू शकते. 'दाब कमी आहे, दीडशेचा चालेल' म्हणून खर्च वाचवणाऱ्याने ही आगही हिशेबात धरावी.

मापांचं प्रकरण याहून अवघड. आपल्याकडे तीन घराण्यांचे फ्लँज एकाच आवारात नांदतात : अमेरिकन, युरोपीय पीएन आणि जुन्या ब्रिटिश बीएस १० ची टेबलं. चार इंचाला अमेरिकन १५० चा पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, १९०.५ मिलिमीटर. पीएन १६ चा १८०. टेबल ई चा १७८. तिन्हींना भोकं आठच. पीएन १६ आणि टेबल ई यांच्यात फरक इतका थोडा की बोल्ट जरा रेटून आत जातात आणि जोड बसल्यासारखा दिसतो. पण टेबल ई चा स्टीलचा फ्लँज जेमतेम १३ मिलिमीटर जाड असतो, अमेरिकन १५० चा सुमारे २४. भोकं जुळत नाहीत म्हणून ती गॅस कटरने लांबवलेली मी एका साइटवर पाहिली आहेत. ती लाईन वाफेची होती.

याहून घातक म्हणजे जिथे सगळं बिनबोभाट जुळतं. तीन इंचापर्यंत ३०० आणि ६०० वर्गाचा बाहेरचा व्यास, पीसीडी, भोकांची संख्या आणि बोल्ट तेच. दोन इंचाला दोन्हींचा पीसीडी १२७, भोकं आठ. सहाशेच्या लाईनवर तीनशेचा फ्लँज विनासायास चढतो. फरक जाडीत आणि तोंडाच्या उंचवट्यात : तीनशेला २ मिलिमीटर, सहाशेला ७. आमच्याकडचा एक कंत्राटी फिटर मला म्हणाला होता, "मॅडम, भोकं बसली की झालं ना?" मी त्याच्या हातात व्हर्नियर दिला आणि म्हटलं, "दादा, आधी स्टॅम्प वाचा, मग उंचवटा मापा." पुढच्या वेळी त्याने स्वतःच एक फ्लँज बाजूला काढून ठेवला. या माणसांना समजत नाही, हे मला मान्य नाही. त्यांना कुणी सांगत नाही.

प्लेटमधून कापलेल्या फ्लँजबद्दल थोडक्यात. बी१६.५ नुसार स्लिप-ऑन किंवा वेल्ड नेक फ्लँज फोर्जिंगचा किंवा ओतीव हवा. प्लेटची मुभा ब्लाइंडला, म्हणजे पाइपाचं तोंड बंद करणाऱ्या फ्लँजला, आणि काही हब नसलेल्या रिड्यूसिंग फ्लँजांनाच. बाजारात प्लेटचे स्लिप-ऑन 'एएसए दीडशे' म्हणून मिळतात, स्वस्त मिळतात. ते परत पाठवा. फ्लँजवरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीची खूण, टेस्ट सर्टिफिकेटशी जुळत नसेल तरीही परत पाठवा.

वर्ग बरोबर असला म्हणजे संपलं, असंही नाही. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर दुरुस्तीसाठी काढलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी ब्लाइंड फ्लँज लावलेला होता. व्हॉल्व्ह जागेवर नाही हे रात्रपाळीला कळलं नाही आणि पंप चालू केला गेला. त्या ब्लाइंडमधूनच गळती झाली असावी, असा लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा निष्कर्ष. १६७ माणसं गेली. प्रश्न आवळण्याचा आणि निरोपाचा होता.

भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियम दुरुस्त झाला आणि धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगाराला देणं मालकावर बंधनकारक झालं. त्या माहितीत फ्लँजचा दाब-तापमानाचा तक्ताही आला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. जो माणूस स्पॅनर फिरवतो त्याला तो फ्लँज किती अंशांना किती दाब सोसतो हे माहीत नसेल, तर जोखीम त्याची आणि ज्ञान दुसऱ्याचं, अशी वाटणी होते. तक्ते इंग्रजीत, इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये, आणि फिटर मात्र लाईनवर.

कारखानदारांना माझी विनंती आहे : प्लांटमधल्या धातूंचा दाब-तापमानाचा तक्ता मराठीत आणि हिंदीत छापून स्टोअरच्या दारावर लावा. ऑर्डरीत माप, वर्ग, प्रकार, तोंड, धातू आणि स्टँडर्ड पूर्ण लिहा. आयटीआयच्या शिक्षकांनी फिटरच्या मुलांकडून १५०, ३०० आणि ६०० चे फ्लँज व्हर्नियरने मापून घ्यावेत, नुसती चित्रं दाखवू नयेत. आणि फिटर बंधूंनो, स्टॅम्प नसलेला फ्लँज हातात आला तर तो लाईनवर चढवू नका. सुपरवायझर रागावला तरी नाही.